विषय माझा, बर्फ खरातांचा

स्टाफरूममध्ये किस्से कुणी आणून ठेवत नाही, ते आपोआप साचतात. जुन्यावर नवा बसतो, त्यावर आणखी नवा, आणि मधला एखादा थर कच्चा राहून गेलेला असतो. मग एक दिवस कुणीतरी सहज पाय ठेवतं आणि सगळंच्या सगळं अंगावर येतं. वाक्य बरं आहे ना? माझं नाही. खरात सरांचं आहे, आणि ते बर्फाबद्दल आहे. किस्से सांगायलासुद्धा त्यांचंच वाक्य उसनं घ्यायची वेळ माझ्यावर आली, यावरून बाकीचं काय ते समजून घ्या!

मी शिंदे. मंठ्याच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. खरात गणित शिकवतात. त्यांची प्रमेयं त्यांच्याकडे, हिमालय आणि आल्प्स माझ्याकडे, असं बरीच वर्षं गुण्यागोविंदानं चाललं होतं. मग एका उन्हाळ्याच्या सुट्टीत हा माणूस ट्रेकिंगवाल्यांच्या एका ग्रुपबरोबर उत्तराखंडात गेला. पुढच्या वर्षी बर्फात चालायचा रीतसर कोर्स करून आला. आता दरवर्षी जातो. हिमस्खलन हा धडा मी नोकरीला लागल्यापासून शिकवतोय, पण मी बर्फ पाहिलाय तो लग्नात, पाण्याच्या टाकीत सोडलेल्या लादीचा.

जळतो का? जळतो. उघड सांगतो. स्टाफरूमला माहीत आहे, बायकोला माहीत आहे, शिपाईमामांना माहीत आहे. फक्त खरातांना माहीत नाही, आणि त्याचा मला जास्त राग येतो.

*

नववीच्या वर्गात हिमस्खलन चाललं होतं. फळ्यावर डोंगर काढला, बाण काढले, वसंत ऋतूत धोका वाढतो असं लिहून दिलं. मागच्या बाकावरची एक पोरगी उठली.

"सर, बर्फ तर थंडीत जास्त असतो. मंग धोका वसंतात कामून?"

"ऊन वाढतं. बर्फ वितळतो."

"वितळला तर पाणी होऊन वाहून जाईल ना सर. घसरतो कशाला?"

आता हे पुस्तकात नव्हतं. मी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणालो, "पुढच्या तासाला सविस्तर घेऊ."

पोरगी मोठी समजूतदार. म्हणाली, "राहू द्या सर. तुम्हाला कशाला तरास? मधल्या सुट्टीत खरात सरांना इचारते."

मधल्या सुट्टीत अख्खा वर्ग गणिताच्या सरांभोवती! खरात हात नाचवून सांगत होते, "दिवसा उन्हानं वरचा बर्फ पाणी धरतो. ते पाणी खाली झिरपतं अन् थराथरातली पकड सोडवून टाकतं. मंग नुसता बसून राहतो का तो? येतो सगळा खाली! रात्री आभाळ मोकळं असलं तर तेच पुन्हा गोठून दगडावानी होतं. म्हणून पहाटं चालायचं अन् ऊन चढायच्या आत उतार सोडायचा."

मी खांबाआडून सगळं ऐकलं. पुढच्या तासाला तेच, जरा शुद्ध भाषेत, वर्गाला सांगितलं. वर्ग एका सुरात म्हणाला, "हे खरात सरांनी सांगितलं की!"

*

खरातांच्या खिशात कंपासपेटीतला कोनमापक असतो. त्याला दोऱ्यानं एक छोटं वजन बांधलंय. कुठलाही उतार दिसला की हा माणूस डोळा बारीक करून त्याचा कोन मोजतो. टेकडी, पत्र्याचं छप्पर, मुरुमाचा ढीग, काहीही.

सोयाबीनचे दिवस होते. आम्ही दोघं मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, काही कामानं गेल्तो. एका आडतीपुढे मालाचा मोठा ढीग. खरात लगेच उकिडवे बसले, कोनमापक काढला आणि एक डोळा मिटला. "बघा शिंदे सर, कितीबी ओता, ह्याच्यापेक्षा उभा ढीग होतच न्हाई. बर्फाचं निराळं असतं. तो चिकटून बसतो अन् आपल्याला वाटतं, पक्का हाये. तीस अंशाच्या पुढं, पंचेचाळीसपर्यंत, तिथंच खरा घात. अगदीच उभ्या कड्यावर बर्फ टिकतच न्हाई, तर येईल कुठून?"

एवढ्यात आतून आडत्या धावत आला. मागून चहा, त्याच्यामागून खुर्ची.

"साहेब, सगळं बिलकुल बराबर हाये आमच्याकडं! काटा आत्ताच तपासून घेतलाय! तुम्ही जमिनीवर कामून बसले?"

कुणीतरी मोठा तपासणी अधिकारी आलाय, असं त्याला वाटलं होतं. खरातांनी त्याला अगदी प्रामाणिकपणे सांगितलं, "न्हाई हो, मी हिमस्खलन बघून राह्यलो." आडत्या आणखी घाबरला. हे कुठलं नवीन खातं ते त्याला कळेना. खरातांना त्यानं खुर्चीवर बसवलं, चहा दिला, निघताना गाडीपर्यंत सोडायला आला. मी शेजारी उभा होतो. मला त्यानं खरातांचा ड्रायव्हर समजून विचारलं, "साहेब कडक हायेत का हो?"

*

गेल्या दिवाळीत आमची लेक वैष्णवी पुण्याहून आल्ती. तिकडे ती एका कंपनीत नोकरीला आहे. खरात फराळाला आले आणि गप्पा बर्फावर गेल्या. गेल्या म्हणजे काय, त्यांनी नेल्या!

"वहिनी, एक परात द्या. थोडी साखर अन् पीठ."

मंदानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, काही न विचारता आणून दिलं. मी परात मागितली असती तर आधी कशाला ते सांगावं लागलं असतं. खरातांनी परातीत साखर पसरली. "हा हिवाळ्याच्या सुरुवातीचा बर्फ. पातळ पडतो अन् थंडीनं त्याचे असे सुटे दाणे होतात. एकमेकाला धरत न्हाईत." मग चाळणीनं वरून पीठ चाळलं आणि हातानं हलकंच दाबलं. "हा नंतरचा. वरून बघा, कसा पक्का दिसतोय. कुनालाबी वाटेल, चला, बिनधास्त चाला."

मग त्यांनी परात एका बाजूनं हळूहळू उचलली. काही होईना. अजून थोडी उचलली. आणि एकदम पिठाला मध्येच चीर गेली आणि अख्खी वडीच्या वडी घसरून फरशीवर!

वैष्णवी ओरडलीच. मंदानं तोंडाला पदर लावला. "अगं बाई! म्हणजे वरचं नीट असून उपयोग नाही. खालचं कच्चं असलं की झालं!"

"मी हेच सांगतो नेहमी," मी म्हणालो.

"तुम्ही नुसतं सांगता."

आणि बरं का, ती फरशी मंदानं हसत हसत पुसली! माझ्या हातून चहाचा थेंब सांडला तर संध्याकाळपर्यंत ऐकावं लागतं.

त्याच दिवशी वैष्णवीनं ठरवलं की आपणही वसंतात बर्फातला ट्रेक करायचा. कुठले बूट घ्यायचे, कपडे किती, सगळं खरात काकांना विचारलं. मी म्हटलं, "हिमालयाच्या रांगा माहीत आहेत ना तुला?" ती म्हणाली, "बाबा, त्या गूगलवर आहेत."

*

खरातांचं मूळ गाव पिंपळगाव रेणुकाई. गावानं त्यांचा सत्कार ठेवला, रेणुकादेवीच्या मंदिरापुढे मांडव टाकून. फलकावर लिहिलं होतं, 'हिमशिखर सर करणारे आमच्या गावचे सुपुत्र'. प्रमुख वक्ता म्हणून मला बोलावलं, कारण विषय भूगोलाचा.

फलक वाचला आणि मला मनातून उकळ्या फुटल्या. कारण खरात शिखरावर गेलेच नव्हते! अर्ध्यातून परत आल्ते, हे स्टाफरूमला माहीत होतं. म्हटलं, आता येईल मजा. भाषणात मी मुद्दाम 'शिखर सर करणारे' असं चार-पाच वेळा म्हणून घेतलं.

खरात उठले आणि माईकवर सरळ म्हणाले, "मंडळी, फलक चुकलाय. मी वर गेलोच न्हाई. शिखर समोर दिसत होतं. पण रात्रभर आभाळ राह्यलं, बर्फ गोठला न्हाई. पाय गुडघ्याएवढा रुतत होता. मंग मी मागं फिरलो."

मी खाली मान घालून आनंद लपवत होतो. तेवढ्यात पुढच्या रांगेतून एक म्हातारबाबा काठी टेकत उठले.

"आरं मंग झ्याक केलंस की! वर जाऊन कोनाला काय मिळालंय? गावाला मानूस पायजे, शिखर कशाला पायजे?"

टाळ्या थांबेनात! गावकऱ्यांना इतकं भरून आलं की वक्त्यासाठी आणलेली शालसुद्धा खरातांच्याच अंगावर टाकली. माझ्या वाट्याला नारळ आला. परतीच्या गाडीत दोन शाली पांघरून खरात मला म्हणतात, "शिंदे सर, तुमचं भाषण एकदम भारी झालं."

*

बर्फात पहाटे निघायचं आणि ऊन चढायच्या आत सुरक्षित जागी पोचायचं, हा नियम खरातांनी मंठ्यातही लावला. बँक असो, दवाखाना असो, गडी सगळ्यांच्या आधी हजर.

वाटूरला माझ्या पुतण्याचं लग्न होतं. एप्रिल महिना, मुहूर्त दुपारचा. खरात सकाळीच पोचले. नवरदेव टॉवेल गुंडाळून दात घासत होता. खरातांनी त्याच्या डोक्यावर अक्षता टाकल्या, "सुखी राहा" म्हणाले, आचाऱ्याकडून गरम बुंदी खाल्ली आणि ऊन चढायच्या आत मंठ्याला परत!

"असं कुठं असतं का?" मी भावकीत सगळ्यांना सांगत सुटलो. "आमच्या स्टाफचा माणूस, पण जरा अर्धवट!"

मग वरात रेंगाळली. मुहूर्त टळला. उन्हानं मांडवाखाली भट्टी झाली, पंगत बसली तेव्हा बुंदी संपली होती आणि दोन म्हातारे चक्कर येऊन पडले. माझा मोठा भाऊ रुमालानं वारा घेत म्हणाला, "सगळ्या लग्नात एकच शहाणा मानूस आल्ता. तुमचे ते खरात सर."

*

मीही एकदा बर्फ गाठला. हैदराबादला मेहुण्याकडे गेलो असताना तिथल्या एका बंद हॉलमध्ये खोटा बर्फ करतात तिथं तिकीट काढून गेलो. जाड कोट भाड्यानं मिळाला. पोरांच्या घसरगुंडीशेजारी उभं राहून फोटो काढला आणि तो स्टाफच्या ग्रुपवर टाकला, खाली काहीच न लिहिता.

सोमवारी इतिहासाचे पवार सर म्हणाले, "शिंदे, गाजवलं बुवा! कुठं गेल्ते?"

मी नुसतं हसलो. एवढ्यात खरात आले आणि खुर्ची ओढून अगदी जवळ बसले. डोळ्यांत खरी उत्सुकता. "सर, लई आनंद झाला मला. थर कसे होते? खणून बघितलं का? खाली काय लागलं?"

"फरशी," मी म्हणालो.

*

यंदाच्या एप्रिलची गोष्ट. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आत कूलर नुसताच आवाज करत होता, आणि आम्ही सगळे पेपर तपासत बसलो होतो. वैष्णवी हिमालयात ट्रेकला गेलेली. माझा फोन वाजला. तिचंच नाव!

मी मुद्दाम मोठ्यानं म्हणालो, "वैष्णवीचा फोन आहे, बर्फातून!" सगळ्यांनी माना वर केल्या. मी फोन स्पीकरवर टाकून टेबलाच्या मधोमध ठेवला. ऐकू दे सगळ्यांना!

"बोल बेटा. काय अडचण?"

"बाबा, इथं एकाच दगडावर रेंज येते, लवकर बोलते. खरात काका आहेत का तिथं? त्यांना द्या ना."

सगळ्या स्टाफसमोर! पवार सरांनी खोकल्यासारखं केलं. मी फोन खरातांच्या पुढे सरकवला. त्यांनी लाल पेन बाजूला ठेवला.

"बोल पोरी."

"काका, खिंडीत जायचंय. पहाटे निघणार होतो, पण ढग होते म्हणून थांबलो. आता मस्त ऊन पडलंय, सगळे म्हणतात लगेच निघू."

"रात्रभर ढग होते?"

"रात्रभर."

"सकाळी बर्फावर पाय दिला तर वाजला का रुतला?"

"रुतला. गुडघ्यापर्यंत."

"उतारावरून आपोआप बर्फाचे गोळे घरंगळून राह्यले का?"

फोनमध्ये नुसता वारा वाजला. ती बघत असावी. "हो काका. बारीक बारीक येतायत."

खरातांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "जायचं न्हाई. तू न्हाई अन् कोणीबी न्हाई. आज त्या उताराखालीबी उभं राहायचं न्हाई. समजलं?"

"पण काका, सगळे बूट घालून तयार झालेत. लीडर पुढं निघालाय. मी एकटीच काय म्हणू? मला घाबरट…"

आणि फोन कट झाला.

परत लावला, लागेना. खरातांनी त्यांच्या फोनवरून लावला, पवारांनी त्यांच्या. कुणाचाच लागेना. त्या दिवशी मी कुणावर जळलो नाही. मला फक्त भीती वाटत होती. परातीतल्या पिठाला गेलेली ती चीर डोळ्यांपुढून हलेना. खरात मला घेऊन घरी आले आणि आमच्या ओसरीत बसून राहिले. जेवायला वाढलं तर नको म्हणाले. मंदा देव्हाऱ्यापुढून उठत नव्हती.

संध्याकाळी फोन आला. "बाबा, आम्ही नाही गेलो. कुणीच नाही गेलं. दुपारी तो उतार अख्खा खाली आला. आम्ही कॅम्पवरून बघितला."

मी खाली बसलो. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. खरातांनी पाठीवर हात ठेवला, चपला घातल्या आणि ते घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चांगल्या मनानं उठलो होतो, शपथेवर सांगतो. पण मंदा दारात दूधवाल्याला सांगत होती, "भाऊजींनी वाचवली हो आमची पोर!" मग शेजारणीला. मग शिंप्याला. मग माझ्या सासरी फोनवर, जावयाचं नाव चुकूनसुद्धा न घेता! दुपारपर्यंत अख्खा मंठा मला रस्त्यात थांबवून खरातांचं अभिनंदन करत होता.

*

वैष्णवी घरी आली त्या दिवशी मंदानं पुरणपोळ्या केल्या आणि खरातांना जेवायला बोलावलं. वैष्णवी आधी त्यांच्या पाया पडली, मग माझ्या. पाटही त्यांचाच पंख्याखाली. वाटीभर तूप त्यांच्या पुढ्यात. मी आपला कोपऱ्यात मुकाट्यानं आमटी ओरपत होतो.

"पण पोरी," खरात पोळी मोडत म्हणाले, "तू सगळ्यांना थांबवलं कसं? लीडर तर निघाल्ता ना?"

"हो ना काका! मी पळत जाऊन त्याच्या आडवी उभी राहिले. तो म्हणाला, 'किसने बोला?' सगळे बघायला लागले. मी तुम्ही सांगितलेलं सगळं धडाधड सांगितलं. ढग, गुडघा, ते गोळे, सगळं. त्यालाही मनातून शंका होतीच बहुतेक, पण एका पोरीचं ऐकून थांबायचं कसं? परत म्हणाला, 'ये सब किसने बोला?'"

"मंग?" खरात जरा सावरून बसले. चेहऱ्यावर हसू आलं होतं.

"मग मी ठणकावून सांगितलं, 'मेरे पापा ने! वो जिऑग्राफी के टीचर हैं!' एकदम गप्प झाला काका तो. म्हणाला, 'अच्छा, जिऑग्राफी,' आणि सगळ्यांना मागं फिरवलं."

खरातांचा घास हातातच राहिला.

"अन् माझं नाव?"

"तुमचं कसं घेणार काका? मंठ्याचे गणिताचे सर म्हणाले म्हटलं असतं, तर कुणी थांबलं असतं का?"

खरातांनी पोळी ताटात ठेवली. त्यांनी एकदा वैष्णवीकडे पाहिलं, एकदा तुपाच्या वाटीकडे पाहिलं, आणि मग बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. त्या नजरेला मी चांगला ओळखत होतो. इतकी वर्षं ती माझीच होती.

मी ताट पुढे सरकवलं आणि म्हणालो, "मंदा, मला अजून एक पोळी वाढ. अन् ते तूप जरा इकडं दे."